अठरा जणांची बस नको, दोघीच जा

पत्र : आदरणीय ताई, मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून रास्ता पेठेत राहते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात एका पाड्यावर ख्रिस्ती सेवा करणाऱ्या जोडप्याला आमच्या मंडळीचे (चर्चचे) स्त्री मंडळ गेली सहा वर्षे दरमहा मदत पाठवत आहे. त्यातील पत्नी माझ्या रविवारच्या शाळेत शिकलेली असून ती मला अजूनही ‘बाई’ म्हणते. यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही अठरा जणांनी मिनीबस करून त्यांना भेटायला जायचे ठरवले. जुन्या कपड्यांची चार पोती जमली आहेत, तरुण संघाने नाटिका बसवली आहे, अमेरिकेत स्थायिक झालेला माझा भाचा कॅमेरा घेऊन येणार आहे आणि पाळकसाहेबांनी पंचकमिटीसाठी, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीसाठी, फोटोंसह अहवाल मागितला आहे. हे मी तिला कळवले, तेव्हा दोन दिवसांनी उत्तर आले : ‘बाई, सगळे नका येऊ. तुम्ही आणि धाकट्या मावशी दोघीच या, आणि नाताळ झाल्यावर या.’ धाकट्या मावशी म्हणजे माझी बहीण. मंडळात सर्वांना वाईट वाटले. एक जण तर म्हणाली, ‘आपल्या पैशावर चालते आणि आपल्यालाच नको म्हणते, काही लपवत तर नाहीत?’ त्यातच सुनेच्या माहेरी विषय निघाला आणि व्याह्यांनी विचारले, ‘आदिवासींना बाटवायला जाता का?’ मला काही बोलता आले नाही. जावे की नाही, काय न्यावे आणि या सगळ्यांना काय सांगावे? (एक भगिनी, रास्ता पेठ)

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा माझी नजर तिच्या निरोपावर थांबली. मंडळातील भगिनींना त्यात ‘नका येऊ’ एवढेच ऐकू आलेले दिसते. मला त्यात ‘तुम्ही दोघीच या’ हे ऐकू आले, आणि सहा वर्षांत त्या मुलीने स्वतःसाठी काही मागण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी. तेव्हा तुम्ही अवश्य जा, दोघीच जा, आणि जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारीत जा. हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण सातपुड्यातील अशाच एका पाड्यावर मी अकरा वर्षे संसार केला आहे. पुण्याहून पाहुणे येणार असे कळले की आतल्या बाईच्या पोटात आनंदाबरोबर आणखी काय कालवते, ते मला ठाऊक आहे.

एका भेटीचे सांगते. मंडळीचे नाव सांगत नाही, कारण माणसे प्रेमाने आली होती. मे महिना होता आणि बावीस जण दोन गाड्यांतून आले. आमच्या पाड्याला एक हापसा होता, तो एप्रिलपासून नुसता हवा ओढत असे, आणि पाणी उताराखालच्या झऱ्यावरून आणावे लागे. माणशी दोन बादल्या धरल्या तरी बावीस जणांचे दिवसाला सहाशे लिटरांच्या पुढे पाणी लागते, म्हणजे डोक्यावरचे चाळीसेक हंडे. पाहुण्यांतील एका ताईंनी शाम्पूने केस धुतले. फेसाचे पाणी अंगणातून वाहत गेले आणि कुंपणापलीकडच्या तीन बायका हातातले काम सोडून त्या ओघळाकडे पाहत राहिल्या. त्या नजरेचा विषय पुढे वर्षभर कोणी काढला नाही आणि मलाही तो काढता आला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी मुलांनी शेजाऱ्यांच्या कातळावर वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी मुठीमुठीने उचलून खाल्ल्या. त्या भागात उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून, आमचूर करून व्यापाऱ्याला विकतात. त्या पांढऱ्या फोडी म्हणजे एका घराचे पावसाळ्यातील मीठमिरचीचे पैसे होते. माझ्या नवऱ्याने रात्री जाऊन ते भरून दिले. पाहुण्यांना आम्ही काही बोललो नाही, कारण त्यांच्या वर्गणीतून आमच्या घरची चूल पेटत होती. माझी स्वतःची दोन्ही मुले त्याच आठवड्यात शहाद्याच्या वसतिगृहातून सुट्टीला आली होती. ती आम्हाला वर्षातून दीड महिना मिळत, आणि त्यातले चार दिवस ती परसात आंब्याखाली झोपली, कारण घरात जागा नव्हती.

याच्या उलट, सातव्या वर्षी मिशनच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली एक परिचारिका एकटीच आली. एक पिशवी, एक स्वतःची मच्छरदाणी. ती नऊ दिवस राहिली. पहिल्या दिवशी तिने विचारले, ‘भांडी कुठे घासता?’ आणि मग रोज तीच घासू लागली. पाचव्या रात्री मी तिच्याजवळ रडले. का रडले, हे या सदरात लिहिण्यासारखे नाही, परंतु त्या महिन्यात मी पुण्याला कायमचे परतण्याचे ठरवले होते आणि ती गेल्यानंतर मी आणखी चार वर्षे तिथे राहिले. तिने कोणताही उपदेश केला नव्हता. अहवालही लिहिला नव्हता.

आता ‘काही लपवत तर नाहीत?’ या प्रश्नाकडे येते, कारण तो तुम्हाला सर्वांत जास्त टोचला आहे. होय, लपवत असण्याची शक्यता आहे. दर तीन महिन्यांनी मंडळीला पाठवायच्या प्रार्थनापत्रात सेवक काय लिहितो? अमक्या पाड्यावर सभा झाली, इतकी मुले अभ्यासवर्गाला येतात, घराच्या छतासाठी प्रार्थना करा. नवराबायकोत महिनाभर धड बोलणे झालेले नाही, धाकट्याला इथली भाषा येते पण मराठी वाचता येत नाही, दोन वर्षांत एकही नवे कुटुंब उपासनेला आले नाही, आणि कधी कधी प्रार्थनेला बसले की नुसती झोप येते, हे तो लिहू शकत नाही, कारण पुढच्या महिन्याची रक्कम येईल की नाही ही धास्ती त्याच्या लेखणीवर बसलेली असते. हिशोब लपवणारी माणसे वेगळी असतात. ती पाहुण्यांची बस आनंदाने बोलावतात, हार घालतात आणि मुलांकडून गाणी म्हणवून घेतात. ज्यांना थकवा लपवावा लागतो ती माणसे दोघांनाच बोलावतात. तिने तुम्हाला बोलावले ते तुम्ही देणगीदार मंडळाच्या सभासद आहात म्हणून बोलावले, असे मला वाटत नाही. तिची चुकलेली बायबलची वचने तुम्ही ती सात वर्षांची असताना ऐकून घेतली आहेत, आणि आज तिला तसेच कोणीतरी समोर हवे आहे.

आपल्या मंडळ्यांना ही पाहणीची सवय कुठून लागली, हे आपण विसरतो. एके काळी विलायतेतील आणि अमेरिकेतील देणगीदार मिशनचे काम पाहायला येत, आणि देशी सुवार्तिक अंगावरचा कोट झटकून त्यांच्यापुढे उभा राही. पुढे २५ डिसेंबर १९०५ रोजी बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, ती भारतीय माणसांनी भारतीय पैशावर आपले सेवाकार्य आपणच चालवावे, या हेतूने. आज तुमचे स्त्री मंडळ नेमके तेच करत आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु साहेब गेले तरी साहेबांची पाहणी मागे राहिली आणि तिची टोपी आता आपल्याच डोक्यावर आहे.

दुसरा गोंधळ होतो तो केडगावमुळे. पुण्यातील आपली माणसे लहानपणापासून सहलीला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनला गेलेली असतात आणि ‘मिशनला भेट’ म्हटले की तेच चित्र डोळ्यांपुढे येते : मोठे आवार, फाटक, भोजनगृह, पाहुण्यांसाठी खोल्या, माहिती सांगणारे माणूस. तिथे पन्नास जण गेले तरी संस्थेची घडी विसकटत नाही. पाड्यावरच्या घराला फाटक नसते. तिथे तुम्ही ज्या अंगणात उतरता ते अर्धे त्यांचे आणि अर्धे शेजाऱ्यांचे असते, आणि तुम्ही गेल्यावर त्याच शेजाऱ्यांबरोबर त्यांना राहायचे असते.

नाताळ का नको, तेही सांगते. त्या दिवसांत आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसे चालत येतात, रात्रभर भजने होतात, मोठ्या पातेल्यांत भात शिजतो आणि त्या बाईला सलग तीन रात्री झोप मिळत नाही. शिवाय दिवाळीनंतर तिथली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातच्या कारखान्यांकडे निघून जातात, ती होळीला परततात. जी मागे उरतात त्यांत म्हातारी माणसे आणि लहान मुले जास्त असतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी पाहायला तर दूरदूरहून लोक येतात. हा त्या मुलखाचा सर्वांत मोठा सण आहे, आणि त्यात कोणी ख्रिस्ती कुटुंब किती भाग घेते, कितपत घेत नाही, यावरून गावात आधीच नाजूक बोलणी चाललेली असतात. तेव्हा पुण्याची अनोळखी माणसे मोबाइल उंच धरून मध्ये उभी राहिलेली कोणालाच नको असतात. मे महिना मुलांचा, पावसाळा दरडींचा. उरतो तो जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी : थंडी उतरलेली असते, ओढ्याला पाणी असते आणि घर नाताळातून सावरलेले असते. फक्त महाशिवरात्रीचा आठवडा टाळा, त्या दिवसांत तोरणमाळची गोरक्षनाथांची यात्रा असते आणि त्या बाजूच्या गाड्या भरभरून जातात.

जुन्या कपड्यांची चार पोती पुण्यातच राहू द्या. मंडळात यावरून बोलणे होईल, हे मला ठाऊक आहे, कारण पोती जमवण्यात पुष्कळांचे श्रम गेले आहेत. पण विचार करा, साठ घरांच्या पाड्यावर चार पोती वाटायची कशी? उपासनेला येणाऱ्या आठ घरांना दिली तर उरलेल्या बावन्न घरांना काय वाटेल, आणि सगळ्यांना दिली तर पुढच्या रविवारी जे नवे चेहरे येतील ते कशासाठी आले, हे त्या सेवकाला कसे कळायचे? इथेच तुमच्या व्याह्यांच्या प्रश्नाचाही संबंध येतो. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने आपला धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे. त्याच वेळी, प्रसाराच्या या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क सामावलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले आहे. अक्राणीच्या उत्तरेला नर्मदा, आणि तिच्या पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. मध्य प्रदेशाच्या धर्मांतराविषयीच्या २०२१ च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तूही येते. सोयरीक आणि बाजार नदीच्या दोन्ही काठांवर चालत असताना एखाद्या पोत्यातली साडी कोणाच्या घरी पोहोचली आणि तिच्याबद्दल काय बोलले गेले, हे तुमच्या हातात राहत नाही. एका जुन्या साडीवरून त्या कुटुंबाला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावे लागू नये.

व्याह्यांना मात्र कायदा ऐकवत बसू नका. त्यांना इतकेच सांगा, ‘माझी एक विद्यार्थिनी तिथे राहते, तिला भेटायला चालले आहे.’ हे उत्तर पूर्ण खरे आहे आणि पुरेसे आहे. मात्र ते खरे ठेवायचे असेल तर तुम्हाला खरोखर तेवढेच करावे लागेल. म्हणजे नाटिका नाही, वाटप नाही, पत्रके नाहीत. तिच्या घरी रविवारची उपासना असेल तर तुम्ही बसा, कोणी बोलायला सांगितले तर पाच मिनिटे बोला. लोकांची भाषा पावरी किंवा भिली असते, मराठी ही त्यांची दुसरी भाषा, त्यामुळे तुमचे प्रत्येक वाक्य कोणीतरी पुन्हा सांगणार असते आणि वीस मिनिटांची साक्ष चाळीस मिनिटांची होते. (आपल्याकडच्या काही वडीलधाऱ्यांना हे गणित अजून कळलेले नाही.)

आजारी मूल दाखवायला कोणी आणले तर प्रार्थना जरूर करा, पण ‘बरे होईल’ असा शब्द देऊन येऊ नका. त्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तो जन्मतः रक्तातून येणारा आजार आहे. हातापायांच्या दुखण्याचे झटके पुन्हा पुन्हा येतात, त्यावर औषध आहे, पण ते नियमाने आणि सरकारी दवाखान्याच्या देखरेखीखाली घ्यावे लागते. तुम्ही दिलेला शब्द तुमच्याबरोबर पुण्याला येतो, आणि पुढचा झटका आला की त्या मुलाला झोळीतून गाडीरस्त्यापर्यंत न्यायला मात्र तुमची विद्यार्थिनी आणि तिचा नवरा असतात. घरात उरलेल्या गोळ्या, खोकल्याची औषधे, मलमे हेही नेऊ नका.

आता फोटो. यासाठी मी तुम्हाला तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या पंचहौद मिशनची आठवण करून देते. १८९० साली तिथे व्याख्यानाला गेलेल्या पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. चहा त्या दिवशीच संपला असता. पण गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुणेकरांना चहापेक्षा यादी महाग पडली. पंचकमिटीच्या अहवालात नावानिशी, चेहऱ्यानिशी फोटो गेले की ते मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर जातात, तिथून बाहेर जातात, आणि अक्राणीतला एखादा माणूस कोणत्या ओट्यावर कोणाबरोबर बसला होता याची यादी तयार होते. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही, ती अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आहे. पण हा फरक पुष्कळांना माहीत नसतो, आणि धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळावे अशी मागणीही होत असते. अशा वेळी ‘तुम्ही विश्वासात कधी आलात?’ (म्हणजे ख्रिस्ती कधी झालात) असे कॅमेरा चालू ठेवून विचारणे म्हणजे त्या माणसाच्या जमातीच्या दाखल्याशी खेळणे आहे. पाळकसाहेबांना एक पानी पत्र द्या : कुटुंबाची प्रकृती, घराची अवस्था, मुलांचे शिक्षण, हिशोबाची वही पाहिली की नाही. पाड्याचे नाव नको. फोटो हवाच असेल तर त्या जोडप्याचा, त्यांना विचारून, आणि त्यांच्याच दारात.

भाच्याने पुण्यातच राहावे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असेल तर केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे मिशनरी कार्यासाठी त्याला विशेष परवानगी घ्यावी लागते, आणि पर्यटक व्हिसावर आला असेल तर ते काम त्या व्हिसात बसतच नाही. तो फक्त कॅमेरा घेऊन उभा होता, हे तुम्ही म्हणाल. पण परदेशी नागरिक प्रार्थनासभेत उभा होता, एवढेच कागदावर येईल. त्याने तिथे कोणाच्या हातात डॉलर किंवा डॉलरचे रुपये ठेवले, तर तो परदेशी निधी ठरतो, आणि तो घेण्यासाठी परदेशी निधीच्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी व दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खाते लागते. त्याला मदत करायची असेल तर त्या सेवासंस्थेला अशी नोंदणी आहे का, हे आधी तिच्या कार्यालयाला विचारू द्या. त्याला वाईट वाटेल, आणि तुम्हाला मावशी म्हणून त्याहून जास्त वाटेल. वाटू द्या.

मग न्यायचे काय? तिला विचारलेत तर ती ‘काही नको, तुम्ही या’ म्हणेल, म्हणून मी सांगते. तिच्यासाठी एक नवी साडी, तुमच्या पसंतीची, आणि तिच्या मापाची चप्पल. नवऱ्यासाठी एक चांगली विजेरी. मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तके. चांगला चहा, अर्धा किलो. तुम्हा दोघींना पुरेल इतके तांदूळ, डाळ, तेल, जे तुम्ही आल्याआल्या गाजावाजा न करता तिच्या फडताळात ठेवायचे. बेतशीर रकमेचे एक पाकीट, मंडळाच्या मदतीपेक्षा वेगळे, तुमच्या निवृत्तिवेतनातले, आणि ते देताना ‘याचा हिशोब द्यायचा नाही’ असे स्पष्ट म्हणायचे. शिवाय ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीतील श्रूजबेरी बिस्किटांचा एक पुडा, जो वाटायचा नाही. कॅम्पाच्या आसपास वाढलेल्या मुलीला तो वास आल्यावर काय होते, ते तुम्ही पाहालच.

तुमच्या स्वतःसाठी औषध मारलेली मच्छरदाणी, पांघरूण, रोजच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या, आणि बाटली. फेब्रुवारीत डास पावसाळ्याइतके नसतात, तरी मलेरियाचा भरवसा नाही. परतल्यावर एक-दोन आठवड्यांनी, क्वचित महिन्यानेही, थंडी वाजून ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी सातपुड्यात राहून आले आहे. पुण्यातील डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय ते सुचेलच असे नाही.

वाकडेवाडीच्या स्थानकावरून रात्रीच्या एसटीने नाशिक-धुळेमार्गे शहाद्यापर्यंत जा (महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा लाभ घ्या), तिथे सकाळी तोंड धुऊन चहा घ्या आणि पुढे अक्राणीचे तालुक्याचे ठिकाण असलेल्या धडगावच्या घाटाची गाडी धरा. उरलेल्या वाटेची व्यवस्था तिच्या नवऱ्याला करू द्या, त्याला त्यात आनंद वाटेल. पोहोचल्यावर तो तुम्हाला पोलीस पाटलांकडे आणि एखाद्या जुन्या कारभाऱ्याकडे नेईल. तिथे तुम्ही कोण आणि किती दिवस राहणार, ते सरळ सांगा. कोणाच्या ओट्यावर याहामोगी देवीची पूजा मांडलेली दिसली तर चप्पल दूर काढा आणि गप्प राहा. मोहाची दारू पुढे आली तर हात जोडून नको म्हणा. व्यसनमुक्तीचे भाषण करू नका. कोणी कोंबडी कापली तर ती खा. त्या घराने तुमच्यासाठी कदाचित महिन्याभराचे कालवण एका दिवसात काढलेले असते. एका कोंबडीत दोन पाहुणे मानाने जेवतात, अठरा जेवत नाहीत, हेही मंडळात सांगायला हरकत नाही.

पहिले दोन दिवस कामाबद्दल काही विचारू नका. ‘किती घरे विश्वासात आली?’ हा प्रश्न तर पूर्ण मुक्कामात तुमच्या तोंडून यायला नको. तिला सांगायचे असेल तर ती सांगेल. त्याऐवजी विचारा, दात दुखतो का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, पाळी कशी आहे, झोप लागते का. अशा घरांतील बाया शेजारणींना बाळंतपणासाठी तालुक्याला नेतात आणि स्वतःची दाढ तीन वर्षे लवंग लावून ढकलतात. ती निवडत असेल ते तांदूळ तुम्ही तिच्या हातून घ्या. संध्याकाळी तिला तुमच्याबरोबर झऱ्यापर्यंत येऊ द्या आणि येताना वाटेत बसा. नवऱ्याला एक दुपार झोपू द्या. जमल्यास मधले दोन दिवस त्या दोघांना तोरणमाळला पाठवा आणि मुले तेव्हा घरी असतील तर तुम्ही दोघी मुलांजवळ राहा. यशवंत तलावाच्या काठी त्या दोघांनी काय बोलायचे, तो त्यांचा प्रश्न.

सहा दिवस पुरेत. तीन दिवसांत ती फक्त पाहुणचार करेल, चौथ्या दिवसापासून बोलू लागेल. जे बोलेल ते मंडळात सांगायचे नाही, अगदी ‘प्रार्थनेसाठी म्हणून’ सुद्धा नाही. आपल्याकडे प्रार्थनेच्या नावाखाली पुष्कळ गोष्टी गल्लीभर होतात, हे आपण दोघीही जाणतो.

राहिले मंडळ. त्यांना तिचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवा आणि माझे हे उत्तरही दाखवायचे असेल तर दाखवा. मिनीबसचे भाडे अठरा जणांनी वर्गणीने काढले असणार. त्याच पैशांत पुढच्या मे महिन्यात ते कुटुंब पुण्याला येऊ शकेल. त्यांच्या मुलांना महिनाभर पुणे दाखवा, दोघांचे दात, डोळे, रक्त तपासून घ्या, आणि किमान एका रविवारी त्यांना मंडळीत मागच्या बाकावर बसू द्या, पुढे बोलावून अहवाल मागू नका. ज्या भगिनीने ‘काही लपवत तर नाहीत’ म्हटले तिच्याच घरी त्यांचे पहिले जेवण ठेवा. ती मनाने वाईट नसणार, फक्त तिला कोणी सांगितले नसेल. नाटिका तरुण संघाने नाताळला रास्ता पेठेतच करावी, मुले हिरमुसणार नाहीत.

तिला आजच फोन करू नका. त्या घरी टॉवर मिळण्याची एखादी ठरलेली जागा असते. आमच्याकडे तो टेकाडावरचा एक दगड होता आणि रविवारी उपासना आटोपल्यावर, चारच्या सुमारास, आम्ही त्यावर जाऊन बसत असू. तिची अशी वेळ तुम्हाला ठाऊक असेलच. त्या वेळी लावा, ‘आम्ही दोघीच येतो, तारीख तू सांग’ एवढे म्हणा आणि तिला बोलू द्या. आणि बिस्किटांचा पुडा पिशवीत सर्वांत वर ठेवा, मांडीवर घेतलात तर आणखी चांगले. घाटातील वळणांवर सामान दबते आणि श्रूजबेरीचा भुगा होतो.